गाणं संपायच्या आधीच सत्कार

लातूर
बुधवार, सकाळ

तीर्थरूप उमाअक्कास, धाकट्या सिद्धलिंगचा शरणार्थ. पाया पडतो असंही लिहिलं असतं, पण हे पत्र वाचून झाल्यावर तू पाय मागं घेशील, म्हणून तूर्त लांबूनच.

तुझे गुडघे कसे आहेत? निजामाबादहून आणलेलं ते तेल लावून राहिलीस, की बाटली अजून कपाटातच? (तेल गुडघ्याला लावायचं असतं अक्का, आल्यागेल्याला दाखवायचं नसतं.) शेजारच्या तेलुगू मावशींना माझा नमस्कार सांग. इकडं आम्ही खुशाल आहोत. तुझ्या भावजयीची शुगर ताब्यात आहे, माझी जीभ नाही, असं ती म्हणते. दुकानाचं म्हणशील तर सध्या सेवानिवृत्तीचा हंगाम. गुरुजी रिटायर होऊन राहिलेत, ग्रामसेवक रिटायर होऊन राहिलेत, आणि प्रत्येकाला शाल, श्रीफळ, फेटा न् काचेचं स्मृतिचिन्ह लागतंच. सत्काराचं हे सगळं सामान लातुरात एका छताखाली कुठं मिळतं, हे तुला सांगायला नको. तू नेहमी म्हणतेस ना, की सिद्ध्याला जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात, एक सत्कार करणारी आणि दुसरी सत्काराची राहिलेली. खरं आहे ते. पण या रविवारी नांदेडला मला तिसऱ्या प्रकारची माणसं दिसली, आणि तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही.

रविवार संध्याकाळपासून तुझे फोन येतायत आणि मी उचलत नाही, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. मुद्दाम उचलत नाही. उचलला की तू विचारणार, जमलं का? मी म्हणणार, त्याचं काय झालं अक्का... की तू म्हणणार, सिद्ध्या, पाल्हाळ नको, जमलं का नाही तेवढं बोल. आणि तेवढंच बोलायला गेलो तर तू फोन आपटशील, मग बाकीचं सांगू कोणाला? शिवाय तू फोन स्पीकरवर ठेवतेस, म्हणजे जे काय असेल ते तुझ्याआधी गल्लीला कळणार. म्हणून पत्र. तुमच्याकडच्या एका शाळेला शालींचं पार्सल चाललंय, त्यात हे घालतोय. शाळेचा शिपाई आणून देईल. त्याला चहा पाज, आणि तो गेल्यावरच पुढचं वाच.

तर तुझ्या शिवानीच्या सोयरिकीचं. स्थळ मीच आणलेलं, तेव्हा मला नामानिराळं राहता येणार नाही. आपल्याच समाजातलं, लातुरातलंच. गुरुबसप्पा पेंडवाले म्हटलं की मार्केट यार्डात कोणीही दुकान दाखवील. मुलगा महांतेश पुण्यात बँकेत. निर्व्यसनी, दिसायला नाकीडोळी नीटस, आणि आज्ञाधारक इतका की काहीही विचारा, "पप्पा म्हणतील तसं." (चहात साखर किती, हे विचारलं तेव्हाही त्यानं पप्पांकडंच बघितलं होतं. तू ते बघितलंस, मीही बघितलं, आणि आपण दोघंही काही बोललो नाही.) तुझ्याकडं देगलूरला पोहे झाले, पसंती झाली. राहिला होता तो गुरुबसप्पांचा शेवटचा होकार. ते म्हणाले, पोरीला एकदा मोकळ्या वातावरणात बघू, मग साखरपुड्याची तारीख धरू. तेवढ्यात नांदेडहून शिवानीचा फोन, "मामा, रविवारी आमचा कार्यक्रम आहे, येता का?" मला वाटलं, महादेवानंच मोकळं वातावरण धाडलं.

आता मी काय केलं ते नीट ऐक, कारण पुढचं सगळं यातून झालंय. पोरीनं मोबाइलवर कार्यक्रमाचं पोस्टर पाठवलं आणि मी ते उघडलंच नाही. दिवसभरात मला एवढ्या जयंत्या, उद्घाटनं न् निरोपसमारंभ येतात की एकेक उघडत बसलो तर दुकान कोण बघील? आपल्याकडची रीत अशी, की आलेलं निमंत्रण आल्या पावली पुढं ढकलायचं आणि खाली जोडलेले दोन हात टाकायचे. मी ते तसंच गुरुबसप्पांना ढकललं. वर आपल्या मनानं लिहिलं, "आमच्या भाचीचा सुमधुर संगीताचा कार्यक्रम, सहकुटुंब येऊन शोभा वाढवावी."

त्यांनी शोभा वाढवायचं लगेच कबूल केलं. रविवारी त्यांच्याच गाडीतून निघालो, महांतेश तेवढा पुण्यातच. गुरुबसप्पा स्वतः गाडी चालवून राहिले होते, मी शेजारी, मागं त्यांच्या मंडळी रुद्राणीबाई, आणि रुद्राणीबाईंच्या शेजारी माझी पिशवी. पिशवीत एक शाल, एक नारळ. भाचीच्या कार्यक्रमाला मामा रिकाम्या हातानं जाईल का? शाल चांगल्यातली, आमदार-खासदारांसाठी वेगळी ठेवतो त्यातली. अहमदपूरच्या अलीकडं गुरुबसप्पांनी विचारलं, मुलगी गाते काय काय? मी बेधडक सांगितलं, भावगीतं, भक्तिगीतं, थोडं शास्त्रीय. लोहा येईस्तोवर मी तिला विद्यापीठाची दोन बक्षिसंही देऊन टाकली. गुरुबसप्पा नुसते हसत होते. मला वाटलं, माणूस खूश आहे. त्यांना संगीताची जाण आहे म्हणतात. सोमवारच्या भजनात टाळ त्यांच्याकडं असतो, आणि त्यांचा ठोका आजवर हुकलेला लातुरात कोणी ऐकलेला नाही. रुद्राणीबाई मागून एवढंच म्हणाल्या, "पोरगी कायपण गाऊ द्या हो, गाडी जरा हळू घ्या."

कार्यक्रम एका मंगल कार्यालयात होता. सभागृह पोरांना परवडत नाही, आणि कार्यालय दुपारचं रिकामं असतं. संध्याकाळी तिथं कोणाची तरी हळद होती, तिच्या झालरी आधीच लागलेल्या. दाराशी एक पोरगी उभी. गुरुबसप्पांनी सवयीनं अक्षता घ्यायला हात पुढं केला, तर तिनं त्यावर निळा शिक्का मारला. माझ्यावर मारला, रुद्राणीबाईंच्या हातावर बांगड्या सरकवून मारला. आत गेलो तर शे-दोनशे पोरं-पोरी, आणि झाडून सगळ्यांच्या अंगात काळे कपडे. रुद्राणीबाई माझ्या कानाशी आल्या न् म्हणाल्या, "भाऊ, ह्यांच्यातलं कोणी गेलं काय की हो?" मी म्हटलं, नसावं, रडून तर कोणी राहिलं नाही. स्टेजवर कापड लावलेलं, त्यावर मोठ्या अक्षरात "अधिक महिना" (हे त्यांच्या बँडचं नाव) आणि खाली बारीक अक्षरात "प्रोग्रेसिव्ह रॉक". आपल्याकडं प्रगतिशील म्हणजे शेतकरी, त्यांच्या सत्काराचं सामान दरवर्षी माझ्याकडून जातं, पण संगीतातही कोणी प्रगतिशील असतं हे मला नवीन होतं. मी दीपप्रज्वलनाची समई शोधली. नव्हती. पाहुण्यांच्या खुर्च्या नव्हत्या, टेबलावर टर्किशचा टॉवेल नव्हता, सूत्रसंचालक नव्हता. आणि अक्का, तुला खोटं वाटेल, कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. या धंद्यात हयात गेली माझी, पण असा अपमान कधी बघितला नव्हता. मी पाणी प्यायला बाटली तोंडाला लावलेली, आणि धाडकन सुरू.

गाणाऱ्याच्या जागी मी शिवानीला शोधत होतो. तिथं तर कोणी नव्हतंच, कारण गाणं सुरू व्हायला त्यांना लई वेळ लागतो. आधी एक जण बोटानं तारा खाजवतो, मग दुसरा, मग दोघं भांडतात, मग समेट होतो, आणि तुला वाटतं आता गातील, तर परत पहिल्यापासून. मला वाटलं शिवानी अजून यायची आहे. तेवढ्यात रुद्राणीबाई म्हणाल्या, "ती बघा की, मागं, ढोलांच्या गराड्यात." बघतो तर केस वर बांधलेले, पाय अनवाणी, पाच-सहा ढोल आणि वर पितळेच्या थाळ्या, आणि त्यांच्यामधी आपली शिवानी. भावगीतं, भक्तिगीतं, थोडं शास्त्रीय! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चोरून गुरुबसप्पांकडं बघितलं, तर ते स्टेजकडं बघतच नव्हते. स्वतःच्या हाताकडं बघत होते. हात सवयीनं मांडीवर ताल धरायचा, दोन पावलं नीट जायचा आणि तिसऱ्या पावलाला ताल भलतीकडं निघून जायचा. त्यांनी हात बदलला. मग पायानं धरून बघितला. मग घाम पुसला.

अशी तीन-चार गाणी झाली. एकेक गाणं असं लांब, की त्यात आपल्याकडचा एक सत्कार, दोन मनोगतं आणि अध्यक्षीय समारोप बसावा. खरं सांगतो, पहिल्या गाण्याला मी दार कुठं आहे ते बघून ठेवलं होतं. तिसऱ्या गाण्याला मात्र मी दार विसरलो. काय चाललंय ते कळत नव्हतं, पण काहीतरी चाललंय आणि ही पोरं ते जिवावर उदार होऊन करून राहिलीत, एवढं कळत होतं. मग पेटीसारखं वाजवणारा चष्म्याचा पोरगा, सोमेश त्याचं नाव, माइकवर आला न् म्हणाला, हे शेवटचं. हे शिवानीनं बांधलंय. ह्याचं नाव गिरणी.

अक्का, आता पुढचं जरा बसून वाच.

आधी नुसती मोटर सुरू झाली. म्हणजे सोमेशनं त्याच्या पेटीवर ती घरघर काढली. मग शिवानीनं पट्टा सुरू केला. तुला आठवतं का, आपल्या नागप्पा दाजींच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सांध्यापाशी जाड होता. चाकावरून सांधा गेला की फटक् करायचा, आणि तो फटका कधी गिरणीच्या ठेक्यात पडायचा नाही, आडनिडाच मधे कुठंतरी पडायचा. किती जणांनी सांगितलं, नवा पट्टा घाला. दाजी म्हणायचे, "राहू द्या, त्याच्यामुळं दुपारची झोप लागत नाही." तो फटका, अक्का. तस्साच. लहानपणी गिरणीत पिंपावर बसून ती शाळेचा अभ्यास करायची तेव्हा आपल्याला वाटायचं पोरगी पाढे पाठ करून राहिली. ती ते मोजत होती. त्या काळ्या कपड्यातल्या पोरांपैकी एकानंही दाजींना बघितलेलं नाही, पण सगळी त्या फटक्याची वाट बघत होती, आणि तो पडला की हसत होती. मला पिठाचा वास आला. गरम ज्वारीच्या पिठाचा. शप्पथ घेऊन सांगतो, आला. डब्यांची रांग, "माझा नंबर आधी" म्हणून भांडणाऱ्या बाया, चाळणीवर मारलेली थाप, सगळं त्यात होतं, आणि तोंडानं कोणी एक अक्षर बोललं नव्हतं. मग तिनं बटण बंद केलं. बटण बंद केल्यावरही पट्टा कसा थोडा वेळ फिरत राहतो, तसा तो फिरत राहिला. फटक्. मग बऱ्याच वेळानं फटक्. मग थांबला.

सगळं शांत झालं. टाळी नाही, खोकला नाही. कार्यक्रमातली शांतता मी बघितलीय ती श्रद्धांजलीची, आणि तिच्यातही कोणाचा तरी फोन वाजतोच. इथं एवढी पोरं श्वास धरून बसलेली. असं काही ऐकलं की लोक डोळे पुसतात, पाणी पितात. मी सत्कार करतो. मला दुसरं काही येतच नाही, त्याला मी काय करू? मला वाटलं, गाणं संपलं, आणि टाळ्या वाजत नाहीत म्हणजे सूत्रसंचालक नसल्यामुळं पुढचं अडून बसलंय. माझे पाय आपोआप उठले. पिशवी घेऊन मी पायऱ्या चढलो, माइक हातात घेतला, फुंकर मारली, आणि त्या शांततेत माझा आवाज घुमला, "सन्माननीय रसिकहो, यानंतर कुमारी शिवानी नागप्पा हिचा शाल व श्रीफळ देऊन यथोचित सत्कार..."

कोणी हसलं नाही गं. हसले असते तर बरं झालं असतं. शिवानीनं हातातली काठी ओठांवर धरली, पोरांना गप्प करतात तशी, आणि डोळ्यांनी मला सांगितलं, अजून आहे. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. दाजी गेले त्या दिवशी गिरणी बंद झाली आणि चार वर्षांत तू तिचं शटर वर केलं नाहीस. ती शांतता त्याची होती. पोरीनं बापासाठी एवढी जागा राखून ठेवलेली, आणि तिच्यात तिचा मामा शाल घेऊन उभा! खाली उतरावं म्हणून वळलो, तर त्याच क्षणी तिनं गिरणी पुन्हा सुरू केली. एवढ्या जवळून तो आवाज थेट छातीत बसतो. माझ्या हातातला नारळ निसटला आणि घरंगळत त्या मोठ्या ढोलाखाली गेला. मी वाकलो. वाकलो तिथं तिचा पाय ढोलाचा दांडा हाणून राहिलेला. सोमेशनं एका हातानं पेटी वाजवत दुसऱ्या हातानं मला सदऱ्याला धरून मागं ओढलं आणि एका खोक्यावर बसवलं. मांडीवर शाल घेऊन मी उरलेलं गाणं तिथंच बसून ऐकलं.

आता वाटतं, बरं झालं बसवलं. कारण तिथून मला पोरगी जवळून दिसली. तिचे दोन हात दोन कामं करत होते, दोन पाय तिसरं-चौथं करत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायला पाचवा हात नव्हता. एक ठोका चुकला नाही. आणि मान अशी तिरकी. दगड नीट चाललाय का घासून राहिलाय, हे ऐकायला दाजी जशी मान तिरकी करायचे, अगदी तशी. मी आजवर तिला काय म्हणत आलो? दहावीला मार्क पडले, छान. नोकरी लागली, छान. नवा ड्रेस, छान. या पोरीच्या आत एवढं आहे हे मला ठाऊक नव्हतं अक्का. मी वर्षानुवर्षं माणसांच्या खांद्यावर शाली टाकत आलोय. शाल टाकली की माणूस क्षणभर ताठ होतो, फोटो निघतो, आणि घरी गेल्यावर ती शाल पुढच्या सत्काराला पुढं सरकते. ही पोरं मात्र कोणी बघो न बघो, आपल्या कामात बुडून गेली होती. त्यांना माझ्याकडचं काहीच नको होतं. मला त्याचं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त आनंद झाला. गाणं संपलं तेव्हा सगळ्यात आधी टाळी मी वाजवली, तेही खरंच संपलंय का ते सोमेशला विचारून.

कार्यक्रमानंतर जेवणघराच्या कोपऱ्यात चहा होता. एका बाजूला हळदीचे आचारी कोथिंबीर चिरत होते. मी गुरुबसप्पांसमोर जाऊन माफी मागायच्या तयारीत, तर तेच म्हणाले, "सिद्धलिंगराव, घाबरू नका. पोस्टर मी त्याच दिवशी उघडून बघितलं होतं. ढोलांसकट फोटो होता मुलीचा." म्हणजे अहमदपूरपासून लोह्यापर्यंत मी भक्तिगीतं गाऊन घेत होतो आणि हा गृहस्थ मजा बघत होता! पण खरं पुढंच आहे. ते म्हणाले, "आणि उमादेवींनी मला फोनवर आधीच कल्पना दिली होती. म्हणाल्या, पोरगी हे असलं वाजवते, पण लग्नाच्या दिवसापासून बंद करील, हा माझा शब्द. मग आमची काही तक्रार नाही. धरा तारीख."

अक्का, तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. बरं, मला नाही तर नाही. पण पोरगी तिथंच उभी होती, हातात चहाचा कप. तिलाही तू बोलली नव्हतीस. तिनं गुरुबसप्पांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "आई म्हणाली असेल तर... आई म्हणेल तसं." आणि कप खाली ठेवून त्या काठ्या रुमालात गुंडाळायला लागली. अगदी सावकाश, नीट घडी घालून. इकडं आई म्हणेल तसं, तिकडं पप्पा म्हणतील तसं. मी मनात म्हटलं, या दोघांचं लग्न लागलं तर त्या घरात बोलायला कोणी राहणारच नाही.

मग मी काय केलं ते सांगतो. मला भांडता येत नाही, तुला माहीत आहे. मला येतं आभारप्रदर्शन. मी हात जोडले न् म्हणालो, "आपण वेळात वेळ काढून एवढ्या लांब आलात, आपुलकीनं पोरीला बघितलंत, याबद्दल आमच्या घराच्या वतीनं मनापासून आभार मानतो, आणि ही सोयरीक इथंच थांबवतो." गुरुबसप्पांचा चेहरा उतरला. म्हणाले, "अहो, उमादेवींचा शब्द आहे." मी म्हटलं, "शब्द अक्काचा आहे, पण हात पोरीचे आहेत. ते बंद करायचा शब्द तिनं दिलेला नाही, आणि देऊन राहिली असेल तर मी देऊ देणार नाही." एवढं धाडसाचं मी जन्मात बोललो नव्हतो. रुद्राणीबाई उठल्या, शिवानीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुटपुटल्या, "यव्वा, पोरी, सोडू नको." मग माझ्याकडं वळून, "हे मी बोलले नाही, बरं का." थोड्या वेळानं ते दोघं निघाले. मी येताना एस.टी.नं आलो. (ते मला न्यायचं विसरले, असं आपण समजू.)

तेव्हा अक्का, सोयरीक मोडली, तुझा शब्द मी मोडला. शिव्या घालायच्या तर मला घाल, मी ऐकून घेईन. पोरीला एक अक्षर बोलू नको. तू शब्द का दिलास ते मला कळतं. बाप नसलेली पोर, चांगलं स्थळ, हातचं जाऊ नये. तुझी फिकीर खोटी नाही. पण ते एकच कारण नाही. स्टँडवर मला सोडायला आली तेव्हा शिवानीनं सांगितलं, दिवाळीत स्वयंपाकघरात ती डब्यांवर बोटांनी हेच वाजवत होती, तर तू डबे उचलून माडीवर नेऊन ठेवलेस आणि देवघरात जाऊन बसलीस, जेवायलाही आली नाहीस. ती म्हणाली, "मामा, आईला माझं वाजवणं आवडत नाही." मी तिला म्हटलं, "आवडत नाही असं नाही गं पोरी. तिला ते ओळखू येतं." चुकीचं बोललो असेन तर सांग. पण मला वाटत नाही मी चुकलो. आपण दाजींचं नाव घेत नाही, शटर उघडत नाही, आणि तिकडं नांदेडला तुझी पोर भर सभेत त्यांना जिवंत करून राहिलीय. ते बंद करायचा शब्द तू दिला होतास अक्का. मला रडू येतं त्याचं, अजूनही.

जपून राहा. ते तेल लाव.

तुझा धाकटा,
सिद्धलिंग

ता. क. काल गुरुबसप्पा दुकानात आले होते. मी आत लपायच्या बेतात होतो. सोयरिकीचं एक अक्षर काढलं नाही. उगाच शालींचे भाव विचारले, फेटे हाताळले, आणि शेवटी काउंटरवर बोटं वाजवत म्हणाले, "तो मधला फटका नक्की कुठं पडतो हो?" सोमवारच्या भजनात म्हणे त्यांचा टाळ हुकला, आणि रुद्राणीबाई सगळ्यांसमोर हसल्या. मी म्हटलं, मला काय कळतंय, पोरीला विचारा. शिवानीचा नंबर घेऊन गेले. यातून तू काही अर्थ काढू नको. मी पण काढून नाही राहिलो.

आणखी एक. खरं काम लिहायचं राहिलंच, ज्यासाठी एवढी पानं खर्ची घातली. येत्या शनिवारी शिवानी, सोमेश आणि त्यांच्यातली आणखी दोघं देगलूरला येऊन राहिलीत. मीही येतोय. त्यांना खऱ्या गिरणीचा आवाज भरून घ्यायचाय. मोटर बघायला मिस्त्री शुक्रवारी येईल, त्याला नाही म्हणू नको, शटरची किल्ली दे. मी नवा पट्टा आणतो म्हटलं होतं, तर शिवानी माझ्यावरच उखडली. जुनाच पाहिजे, सांध्यासकट. गिरणीचं बटण कोण दाबणार, यावरून पोरांची वादावादी झाली, तर ती म्हणाली, आई दाबेल. मी विचारलं, आणि आई नाही म्हणाली तर? म्हणाली, "मग नाही चालू करायची मामा. आम्ही नुसते आत बसू थोडा वेळ आणि परत जाऊ." तूच बघ. पण पाचेक किलो ज्वारी काढून ठेव अक्का, निवडून. रिकामी गिरणी फिरवली की दगड खराब होतात, दाजी लई रागवायचे.